अल्बमची टूर, नाशिकचा शो: साऊंड, जनरेटर, परवानगी, सेटलिस्ट

गोदातीर (धागाकर्ता)

चार जणांचा मराठी रॉक बँड. नऊ गाण्यांचा नवा अल्बम, एकूण ४२ मिनिटांचा. डिसेंबरात पाच गावांची टूर ठरते आहे: मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर. नाशिकच्या शोचं नियोजन इथे मांडतो आहे. जे अपुरं दिसेल त्यावर बोट ठेवा, कारण हीच कागदपत्रं पुढे बाकीच्या गावांना जाणार आहेत.

कसोटी एकच धरली आहे. अल्बम नवा आहे, म्हणजे समोरच्या बहुतेकांना शब्द पाठ नाहीत. जुनं गाणं अर्धं ऐकू आलं तरी लोक उरलेलं स्वतः गातात, नव्या गाण्याला ती सोय नसते. तेव्हा गायकाचा प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेत कळला पाहिजे. बाकी सगळे निर्णय त्यावरून.

जागेचे पर्याय दोन: कालिदास कलामंदिरासारखं बंद नाट्यगृह, किंवा गंगापूर रोडला शहराबाहेरचं लॉन. प्रेक्षक ७०० ते ९००. पीए (प्रेक्षकांसाठीची स्पीकर यंत्रणा), लाईट, जनरेटर १, ड्रमसेट आणि बासचं कॅबिनेट नाशिकमध्येच भाड्याने घ्यायचं. बँड सोबत आणणार तो स्नेअर, सिंबल, किकचं पेडल, गिटारी, पेडलबोर्ड, ट्रॅकचा (आधी मुद्रित केलेल्या साथीचा) लॅपटॉप, इन-इअरचे (वादकाने कानात घालायच्या मॉनिटरचे) संच आणि गायकाचा माईक.

इनपुट २२ होतात. ड्रममधल्या किकच्या आत बीटा ९१ए आणि बाहेर बीटा ५२ए हे माईक, स्नेअरला वर-खाली एसएम५७, हाय-हॅट, दोन टॉम, एक फ्लोअर टॉम, ओव्हरहेड दोन, बास डीआय (वाद्य थेट कन्सोलला जोडणारी पेटी), गिटार दोन, कीबोर्ड डावा-उजवा, ट्रॅक डावा-उजवा, क्लिक (वादकांसाठी तालाची टिकटिक), क्यू (वादकांना पुढचं सांगणारा आवाज), मुख्य गायक, साथीचे आवाज दोन. कन्सोल (मिक्सर) एक्स३२ किंवा एम३२ मागितला आहे, सोबत १६ इनपुटचे दोन स्टेजबॉक्स (स्टेजवरच्या केबल जोडायच्या पेट्या).

फेडर

इनपुट यादी चांगली आहे. तीन ओळी वाढवा. एक, मुख्य गायकाचा जादा माईक, जोडलेला आणि गेन (इनपुटची मूळ पातळी) लावलेला, ड्रमच्या शेजारी स्टँडवर. मूळ माईक बंद पडला तर गायकाने तो उचलायचा आणि तुम्ही फेडर (कन्सोलवरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी) चढवायचा, पाच सेकंदांत काम होतं. उरलेल्या दोन ओळी प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या माईकच्या. ते पीएत जाणार नाहीत, फक्त इन-इअरमध्ये. कानात इन-इअर घातले की वादकाला समोरची माणसं ऐकू येत नाहीत, मग तो दोन गाण्यांच्या मधे एक कान काढतो, आणि तो कान काढला की दुसऱ्या कानाचा आवाज वाढवतो. श्रवणाची हानी नेमकी तिथे सुरू होते. ८५ डीबी(ए) (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आठ तास चालतो, पण १०० डीबी(ए)ला सुरक्षित मर्यादा १५ मिनिटांची आहे.

बसचा हिशेब: एक्स३२ला १६ मिक्स बस (वेगवेगळी मिश्रणं बाहेर नेणाऱ्या वाटा). चौघांचे इन-इअर स्टिरिओ म्हणजे ८ गेल्या. चार इफेक्टला. उरल्या चार. त्यातली एक सबसाठी (खोल आवाजाच्या स्पीकरसाठी) ठेवा, म्हणजे सबमध्ये फक्त किक, बास, फ्लोअर टॉम आणि ट्रॅक जातील. गायकाचा माईक सबमध्ये गेला की स्टेजची घरघर आणि फुंकरीचे फटके तिथे मोठे होतात आणि शब्द गढूळ होतात. तुमची कसोटी हीच असेल तर हे कलम रायडरमध्ये (आयोजकाला पाठवायच्या मागण्यांच्या यादीत) ठळक लिहा. गायकाच्या चॅनेलला लो-कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) १०० ते १२० हर्ट्झ.

मॉनिटरचा वेगळा कन्सोल नाही, म्हणजे एकाच गेनवर पीए आणि कान दोन्ही चालणार. साऊंडचेक संपला की गेनला हात लावायचा नाही. पुढचं सगळं फेडर, ईक्यू आणि कॉम्प्रेसरवर. इन-इअरचे सेंड प्री-फेडर ठेवा, नाहीतर तुम्ही पीएत गिटार खाली आणली की गिटारिस्टच्या कानातूनही ती जाईल.

शो-फाईल पेनड्राइव्हवर दोन प्रतींत. एक्स३२चा सीन एम३२वर उघडतो, यामाहावर उघडत नाही. पाच गावांत एकाच कुटुंबाचा कन्सोल मिळेलच असं नाही, म्हणून इनपुट यादी आणि बसची यादी कागदावरही न्या.

तारसप्तक

जागेबद्दल. नाट्यगृह शब्दांसाठी बांधलेलं असतं, हे रॉकवाले विसरतात. तिथे शेवटच्या रांगेत बोललेलं कळतं, कारण खोली फार घुमत नाही. अडचण उलट बाजूची आहे: स्टेजवरचा कच्चा आवाज. ड्रमर जोरात वाजवणारा असेल आणि गिटारच्या अ‍ॅम्पचं तोंड थेट प्रेक्षकांकडे असेल, तर पहिल्या आठ रांगांना पीए ऐकूच येत नाही, स्टेज ऐकू येतं. उपाय साधे आहेत. अ‍ॅम्प स्टेजच्या बाजूला आडवा ठेवा किंवा मॉडेलरवरून (अ‍ॅम्पचा आवाज तयार करणाऱ्या यंत्रावरून) थेट लाईन द्या. ड्रमच्या मागे काळा जाड पडदा, खाली २ बाय २ मीटरचं जाजम. वेज मॉनिटर (वादकांपुढे जमिनीवर ठेवायचे स्पीकर) नकोच.

दुसरं, नाट्यगृह सत्रावर मिळतं. रात्रीचं सत्र घेतलं की दुपारच्या नाटकाचा सेट निघेपर्यंत तुम्ही बाहेर उभे. रॉक शोला सामान लावायला चार तास आणि साऊंडचेकला दीड तास लागतो. दुपारचं आणि रात्रीचं अशी दोन्ही सत्रं घ्या आणि भाडं दोन सत्रांचं धरूनच तिकीट ठरवा. शालिमारला, जिथे कालिदास आहे, दिवसा गाडी लावून सामान उतरवणं त्रासाचं आहे, सकाळी बाजार भरण्याआधी गाडी आत गेलेली बरी.

लॉनला सत्राची अडचण नाही, पण तिथे थंडी, दव आणि शेजार. त्यावर खाली सविस्तर लिहितो.

सिडकोचा वायरमन

यादीत "जनरेटर १" एवढंच लिहिलं आहे. एवढ्यावर जो मिळेल तो जनरेटर येतो. आधी हिशेब करा.

आठ टॉप (वरचे मुख्य स्पीकर) आणि सहा डबल-अठराचे (१८ इंची दोन स्पीकरचे) सब संगीत चालू असताना सरासरी १० ते १२ किलोवॅट ओढतात, किकच्या ठोक्याला क्षणभर त्याच्या वर. एलईडी पार २४, प्रत्येकी १५० वॅट, म्हणजे ३.६. मूव्हिंग हेड १२, प्रत्येकी ४००, म्हणजे ४.८. १२ बाय ८ फुटांची एलईडी वॉल पूर्ण पांढरी झाली तर ६च्या आसपास. बॅकलाईन (स्टेजवरचे अ‍ॅम्प, कीबोर्ड), कन्सोल, लॅपटॉप मिळून २. सगळं धरून २८ किलोवॅट. ६२.५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर ०.८ पॉवर फॅक्टरला ५० किलोवॅट देतो, तेव्हा एक पुरतो. तरी लाईट आणि वॉलसाठी वेगळा छोटा घेता आला तर घ्याच. डिझेल अर्ध्या लोडवर तासाला ७ ते ९ लिटर. दुपारी २ ते रात्री ११ म्हणजे ८० लिटर टाकीत हवं, शोच्या मधे कॅन घेऊन धावायचं नाही.

एकच जनरेटर असेल तर साऊंड, कन्सोल आणि स्टेजवरची बॅकलाईन एका फेजवर, लाईट दुसऱ्यावर, वॉल तिसऱ्यावर. बॅकलाईन साऊंडच्याच डिस्ट्रीब्युशन बॉक्समधून घ्यायची याचं कारण नीट समजून घ्या. गिटारिस्टचा हात तारांवर असतो, तारा अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या. त्याचे ओठ माईकच्या जाळीवर, जाळी कन्सोलच्या अर्थिंगला जोडलेली. दोन अर्थिंग वेगळ्या ठिकाणचे असतील तर त्यांच्यातला फरक त्याच्या तोंडातून जातो. ओठाला मुंगी चावल्यासारखं झालं की ते "थोडंसं चालतं" म्हणून सोडायचं नाही, तिथेच शो थांबवून मोजायचं.

मल्टिमीटरने चार मापं घ्या. फेज ते न्यूट्रल २२० ते २४०. फेज ते फेज ३८० ते ४१५. फेज ते अर्थ जवळपास फेज-न्यूट्रलइतकंच. न्यूट्रल ते अर्थ २-३ व्होल्टच्या आत. फेज-अर्थ भलतंच काही दाखवत असेल तर जनरेटरचा स्टार पॉइंट (तिन्ही फेज जिथे मिळतात तो न्यूट्रलचा बिंदू) अर्थ केलेला नाही, आणि मग ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असूनही पडणार नाही. अर्थिंगचा रॉड ओल्या जमिनीत ठोका. कोरड्या मुरमात ठोकलेला रॉड नुसता शोभेचा.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे सुटलेला न्यूट्रल. मुख्य केबलचा न्यूट्रल ढिला असेल तर तिन्ही फेज आपसांत व्होल्टेज वाटून घेतात. ज्या फेजवर लोड कमी, तिथलं व्होल्टेज ४००च्या दिशेने चढतं. कन्सोल आणि लॅपटॉपचा अडॅप्टर त्याच हलक्या फेजवर असला तर दोन सेकंदांत जळतो. म्हणून जनरेटर चालू झाल्यावर आधी रिकामं मोजायचं, मग लाईटचा लोड टाकून पुन्हा मोजायचं, आणि मगच साऊंडचं स्विच वर. एलईडीच्या पॉवर सप्लायमुळे न्यूट्रलमधून अपेक्षेपेक्षा जास्त करंट वाहतो, तेव्हा न्यूट्रलची केबल फेजइतकीच जाड हवी. शो संपेपर्यंत न्यूट्रल काढायचा नाही, काढायचा झाला तर शेवटी.

पंचवटीचा बास

घूं असा आवाज येतो तेव्हा अर्थिंगची पिन तोडून प्लग लावणारे बरेच आहेत. त्याला पर्याय काय?

सिडकोचा वायरमन

पिन कधीच तोडायची नाही. ती पिन आवाजासाठी नसून जिवासाठी आहे. आधी घरघर कुठली ते ओळखा. ५० हर्ट्झची जाड गुणगुण असेल तर बहुतेक ग्राउंड लूप: डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट दाबा, तो फक्त ऑडिओ केबलचा शील्ड सोडवतो, विजेचा अर्थ तसाच राहतो. लॅपटॉपच्या चार्जरमधून येणारी चिरचिर असेल तर ट्रॅकच्या चारही लाईन ट्रान्सफॉर्मरवाल्या डीआयमधून घ्या. गिटार वळवली की आवाज कमी-जास्त होत असेल तर तो पिकअपचा, एलईडी वॉलपासून दूर उभं राहा. पेडलबोर्डवर एका अडॅप्टरची साखळी असेल तर तिथेही गुणगुण येते, प्रत्येक पेडलला आयसोलेटेड ९ व्होल्टचा स्वतंत्र आउटपुट द्या.

तिकीटखिडकी

परवानगीची बाजू. ध्वनिप्रदूषण नियम २०००प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. प्रेक्षागृहासारख्या बंद जागेला यात सूट आहे, लॉनला नाही. सरकार वर्षातले १५ दिवसांपर्यंत रात्री १२ची सवलत देऊ शकतं, पण ती सणांच्या ठरलेल्या तारखांना जाते. तुमच्या शोला मिळेल असं धरू नका. लॉनवर शेवटचं गाणं ९.४० ला संपेल असं लिहून ठेवा, एन्कोर (आग्रहाखातर शेवटी वाजवायचं जादा गाणं) धरून.

जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डीबी(ए) किंवा ७५ डीबी(ए), यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे हद्दीवर ६५. व्यापारी भागाची ६५, म्हणजे ७५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. त्र्यंबक रोडला जिल्हा रुग्णालय आहे, त्या बाजूचं मैदान धरत असाल तर अंतर मोजून नकाशा अर्जाला जोडा.

अर्ज तीन आठवडे आधी: पोलीस ठाण्याचा ध्वनिक्षेपक परवाना, पोलीस आयुक्तालयाची कार्यक्रमाची परवानगी, महापालिकेच्या अग्निशमन विभागाचा दाखला, वाहतूक शाखेचं पत्र. जनरेटर आणि स्टेजच्या लोखंडी सांगाड्याचं प्रमाणपत्र पुरवठादाराकडून आधीच मागून ठेवा, अग्निशमनवाले ते विचारतात.

तिकिटाचा एक आकडा लक्षात ठेवा. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी माफ. त्याच्या वर गेलं की १८ टक्के. ५९० रुपयांच्या तिकिटातून कर जाऊन हातात बरोबर ५०० राहतात. म्हणून ५०१ ते ५८९ हा पट्टा टाळा, तिथे प्रेक्षक जास्त देतो आणि तुम्हाला कमी मिळतं. ४९९ किंवा थेट ६९९.

आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं मानधन गोळा करणारी संस्था): "आमचीच गाणी आहेत, परवाना कशाला" हा गैरसमज सगळीकडे आहे. गीतकार-संगीतकार सभासद झाला की जाहीर प्रयोगाचे हक्क संस्थेकडे दिलेले असतात, त्यामुळे आयोजकाला परवाना घ्यावा लागतो. शो झाल्यावर गाण्यांची यादी संस्थेला पाठवा, तरच त्यातला वाटा परत सभासदाकडे येतो. पाच गावांच्या पाच याद्या. मध्यंतरात रेकॉर्ड केलेली गाणी लावणार असाल तर त्या ध्वनिमुद्रणांच्या हक्काचा परवाना वेगळा लागतो.

फेडर

वरच्या ६५ डीबी(ए)चं गणित करून पाहा, म्हणजे लॉनचा प्रश्न किती खरा आहे ते कळेल. कन्सोलजवळ, स्टेजपासून २० मीटरवर, ९५ डीबी(ए) धरू. रॉकसाठी हे बेताचंच आहे. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर ६ डीबी उतरतात: ४० मीटरवर ८९, ८० वर ८३, १६० वर ७७, ३२० वर ७१, ६४० वर ६५. म्हणजे निवासी हद्द गाठायला अर्ध्या किलोमीटरहून जास्त मोकळी जागा लागते. स्टेजचं तोंड वस्तीकडे असेल तर काही खरं नाही. शेतीकडे, उसाकडे, द्राक्षबागेकडे तोंड करा आणि पाठ सोसायटीकडे.

पाठीमागे टॉपचा आवाज कमी जातो, सबचा जातोच. त्यासाठी सब कार्डिऑइड लावा: तीनच्या गटातला एक सब उलटा फिरवायचा, त्याची पोलॅरिटी उलटी करायची आणि त्याला डिले द्यायचा. पाठीमागे १० डीबीच्या आसपास उतार मिळतो. पुरवठादाराच्या प्रोसेसरमध्ये बहुतेक वेळा तयार प्रीसेट असतो. सब भिंतीला चिकटवले की हा उतार निघून जातो, मागे मीटरभर मोकळं ठेवा.

हिवाळ्यात एक गोष्ट आणखी. संध्याकाळी जमीन लवकर गार होते, खाली थंड हवा आणि वर कोमट असा थर बसतो, आणि आवाज वर जाण्याऐवजी वाकून खाली येतो. दुपारी साऊंडचेकला जी सोसायटी शांत होती, तिथेच रात्री ९ ला शब्दन् शब्द ऐकू येतो. तक्रारीचे फोन तेव्हा येतात. साऊंडचेकच्या मापावर विसंबू नका, पहिल्या गाण्याला हद्दीवर माणूस मीटर घेऊन उभा हवा.

तारसप्तक

वाद्यांवर थंडीचा परिणाम. डिसेंबरात नाशिकला दुपारी २८ अंश आणि रात्री १२ किंवा त्याहून खाली. तार गार झाली की आखडते, ताण वाढतो, सूर चढतो. साऊंडचेकला लावलेली गिटार खोलीत ठेवून थेट रात्री स्टेजवर आणली, तर पहिल्या गाण्यात चढत जाते. शोच्या आधी तासभर गिटारी स्टेजच्या बाजूला स्टँडवर उघड्या ठेवा, आणि आत येण्याच्या पाच मिनिटं आधी ट्यून करा. आठच्या पुढे दव पडायला लागतं: पेडलबोर्डवर, स्नेअरच्या कातड्यावर, लॅपटॉपच्या कीबोर्डवर. स्टेजला छत हवंच, नुसते खांब आणि ट्रस पुरत नाहीत. मागच्या डिले स्पीकरचं (मागच्या रांगांसाठी आवाज मुद्दाम उशिरा देणाऱ्या स्पीकरचं) अंतर ३५ मीटर असेल तर स्टेजचा आवाज तिथे पोचायला दुपारी २८ अंशांना १००.५ मिलिसेकंद लागतात आणि रात्री १२ अंशांना १०३.४. तीन मिलिसेकंद सुधारून घ्या, सुधारलं नाही तर मागच्या रांगांत शब्दाची धार जाते.

आता सेटलिस्ट. अल्बमचे ४२ मिनिट आणि सेट ८५ मिनिटांचा. आयर्न मेडनने २००६च्या टूरमध्ये नवा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने वाजवला होता, आणि जुनी गाणी ऐकायला आलेल्यांपैकी बरेच नाराज झाले. तेवढं नाव आणि तेवढा प्रेक्षक असताना ही गत. पिंक फ्लॉईडने उलटं केलं: मार्च १९७३ला आलेला 'द डार्क साईड ऑफ द मून' ते १९७२पासूनच मैफिलींत वाजवत होते, गाणी प्रेक्षकांसमोर घासून झाली आणि मग ध्वनिमुद्रण पूर्ण झालं.

तुमच्या प्रमाणात, नऊपैकी सहा-सात नवी घ्या, पाच-सहा जुनी. दोनहून जास्त नवी गाणी सलग नकोत. पहिलं गाणं नवं पण मध्यम लयीचं आणि कमी शब्दांचं, कारण फेडरवरच्या माणसाला खरी खोली पहिल्या गाण्यातच कळते, रिकाम्या जागेतलं मिक्स भरल्यावर बदलतं. जास्त शब्दांचं गाणं चौथ्या-पाचव्या जागी. ट्यूनिंगप्रमाणे गट करा: स्टँडर्डची एकत्र, ड्रॉप सीची (तारा खाली उतरवून लावलेली) एकत्र. ०१०च्या (इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेल्या जाडीच्या) तारा ड्रॉप सीला लोळतात, त्या गाण्यांसाठी ०११ ते ०५४ चढवलेली दुसरी गिटार हवी. फ्लोटिंग ब्रिजची गिटार स्टेजवर दुसऱ्या ट्यूनिंगला नेण्याचा प्रयत्न करू नका, एक तार उतरवली की बाकी पाच चढतात.

पंचवटीचा बास

ट्रॅकच्या लॅपटॉपबद्दल थोडं. चार आउटपुट: ट्रॅक डावा-उजवा, क्लिक, क्यू. क्लिक चुकून पीएत गेला तर सगळ्या मैदानाला टिकटिक ऐकू येते, म्हणून क्लिक आणि क्यूचे चॅनेल मेन एलआरला (पीएकडे जाणाऱ्या मुख्य आउटपुटला) नेमलेलेच नसावेत, नुसते फेडर खाली ठेवणं पुरेसं नाही. लॅपटॉपचं वायफाय, अपडेट, स्क्रीन झोपणं सगळं बंद. सगळ्या फाईल ४८ किलोहर्ट्झला. दुसरा लॅपटॉप समांतर चालू ठेवून आपोआप बदलणारा स्विचर लावता आला तर उत्तम. नसेल तर ड्रमरसोबत ठरवून ठेवा: ट्रॅक थांबला की गाणं थांबवायचं नाही, ड्रमरने हाय-हॅटवर लय धरायची आणि ट्रॅक त्या गाण्यापुरता सोडून द्यायचा. ट्रॅकची सगळी गाणी ट्रॅकशिवाय एकदा तालमीत वाजवून पाहा.

वायरलेस: ७०३ ते ८०३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारे जुने माईक आणि इन-इअर संच भाड्याने येत असतील तर नाकारा. तो पट्टा आता मोबाईलच्या ५जीचा आहे. ७०३ ते ७४८ मध्ये तर खुद्द प्रेक्षकांच्या खिशातले फोन प्रक्षेपण करतात, म्हणून रिकाम्या मैदानावर दुपारी सगळं स्वच्छ दिसतं आणि लोक आले की खरखर सुरू होते. ६९० मेगाहर्ट्झच्या खालचे संच मागा आणि फ्रिक्वेन्सी स्कॅन दारं उघडल्यावर पुन्हा करा.

गोदातीर (धागाकर्ता)

खूप मदत झाली. ट्रॅक नऊच गाण्यांना आहेत, जुन्या गाण्यांना नाहीत, ते यादीत स्पष्ट करतो. दोन प्रश्न. गाड्या आणि गावांचा क्रम कसा ठेवावा? आणि साऊंडचेकचा दीड तास नेमका कसा वापरावा?

घाटमाथा

क्रम बदला. मुंबई, नाशिक, संभाजीनगर, पुणे, कोल्हापूर असं गेलं तर साधारण १७०, १८५, २३५, २३० किलोमीटर. तुमच्या क्रमात संभाजीनगरहून थेट कोल्हापूर गाठावं लागतं, साडेचारशे किलोमीटरच्या वर, आणि तेही शोच्या दुसऱ्या दिवशी.

मुंबईहून येताना समृद्धीचा आमणे ते इगतपुरी टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट टाळता येतो. इगतपुरीनंतर जुन्या महामार्गाने नाशिक. घाटात सामानाची गाडी अडकण्याचा धोका गेला, तरी भिवंडीच्या आसपासच्या कोंडीचा तास वेगळा धरा. पीए गावोगावी भाड्याने असेल तर सामानाला एक पिकअप पुरतो. बासचं कॅबिनेट आणि जड पेट्या केबिनकडे, गिटारी सर्वात शेवटी आणि उभ्या. ताडपत्री आतूनही बांधा. रात्री सामान भरताना केबल मोजून भरायच्या: एक्सएलआर किती आणल्या, किती परत. डीआय, माईकचे क्लिप आणि पॉवर एक्स्टेंशन या तीन गोष्टी प्रत्येक गावी मागे राहतात.

फेडर

साऊंडचेक. ४.०० ला लाईन चेक, प्रत्येक इनपुटला वीस-तीस सेकंद, नुसतं "येतंय का" एवढंच. ४.२० ला पहिलं काम गायकाच्या माईकचं, बाकी सगळे गप्प. बहुतेक ठिकाणी ड्रमपासून सुरुवात होते, किकवर वीस मिनिटं जातात आणि गायकाला शेवटची पाच उरतात. नव्या अल्बमच्या टूरला हा क्रम उलटा करा. मग ड्रम, बास, गिटार, आणि प्रत्येक थराला गायकाचा फेडर न हलवता शब्द टिकतो का बघा. गिटारमध्ये २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डीबीची खाच दिली की व्यंजनं वर येतात. स, श, त, क ऐकू आले की मराठी शब्द कळतो, स्वर तर तसेही ऐकू येतात.

शेवटची पंचवीस मिनिटं इन-इअर मिक्सला आणि अल्बममधल्या सर्वात दाट गाण्याला. त्या गाण्याच्या वेळी गाणं न ऐकलेला एक माणूस शेवटच्या रांगेत कागद-पेन देऊन बसवा. ऐकू येतील ते शब्द त्याने लिहायचे. ज्या ओळी रिकाम्या राहतील, त्या ओळींना खाली काय वाजतंय ते शोधा. बहुतेक वेळा कीबोर्डचा पॅड नाहीतर ट्रॅकमधला जादा गिटारचा थर सापडतो. तो ट्रॅकमध्येच तीन डीबी खाली आणा आणि पुढच्या चार गावांसाठी तसाच ठेवा. ५.४५ ला स्टेज मोकळं, ६ च्या सुमारास सूर्य मावळतो, ६.३० ला दारं.

तिकीटखिडकी

दारांवरून आठवलं, स्टेजसमोरचं बॅरिकेड. लॉनवर उभ्या प्रेक्षकांसाठी बांबूचं कुंपण लावू नका. मागून ढकललं की ते पुढे झुकतं आणि पहिली रांग स्टेजखाली जाते. ऑक्टोबर २०११ला गुरुग्राममधला मेटालिकाचा शो ऐनवेळी रद्द झाला, तो बॅरिकेड कोलमडून सुरक्षेचा प्रश्न उभा राहिल्यामुळेच. ज्याच्या पायाच्या पट्टीवर प्रेक्षक स्वतः उभा राहतो तशा पद्धतीचं लोखंडी बॅरिकेड मागा, गर्दीच्याच वजनाने ते टिकतं. स्टेज आणि त्याच्या मधे किमान चार फूट गल्ली, तिथे पाण्याच्या बाटल्या आणि दोन माणसं.

गोदातीर (धागाकर्ता)

लॉन पक्कं करतोय, स्टेजचं तोंड शेतांकडे. शेवटचा प्रश्न: कन्सोल स्टेजपासून २० मीटरवर, स्टेजबॉक्सला जाणारी केबल किती लांबीची मागवू, आणि कुठली?

फेडर

५० मीटरची, कारण केबल सरळ जात नाही. ती बॅरिकेडला वळसा घालून कडेने नेतात. शील्ड असलेली कॅट५ई, दोन्ही टोकांना धातूचे इथरकॉन. साधे प्लास्टिकचे कनेक्टर लावले तर स्थिर विजेच्या ठिणगीने सिंक (कन्सोल आणि स्टेजबॉक्सचा मेळ) तुटतो आणि सगळे चॅनेल एकदम क्षणभर गायब होतात, कोरड्या थंडीत हे जास्त होतं. दुसरी तशीच केबल शेजारी अंथरून ठेवा, दोन्ही टोकं खुणेच्या टेपने रंगवून. पायवाटेवर केबल रॅम्प हवेत. लाईटच्या पॉवर केबलच्या बाजूने नेऊ नका, ओलांडायचीच झाली तर काटकोनात.